बोरी अरबची मावशी आणि आठवण ठेवणारी गादी

यवतमाळात मी ज्या कंपनीत नोकरीला लागले, ती एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. खाली युरिया आणि कीटकनाशकं, वर आम्ही. खाली मालाचा ट्रक आला की जिन्यात पोत्यांची थप्पी लागायची आणि तिच्यावरून चढून डिजिटल युगात जावं लागायचं. पहिला आठवडाभर त्या वासानं माझं डोकं दुखलं. पुढं सुटीत दारव्ह्याला घरी गेले की आई म्हणायची, "आधी हातपाय धू, फवारणी करून आल्यासारखी वास मारते."

मुलाखत सरांनीच घेतली. सर म्हणजे कंपनीचे मालक. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे. यवतमाळचेच, पण पुण्यात एका बड्या जाहिरात कंपनीत काही वर्षं काढून आलेले. ते वाक्य मराठीत सुरू करत आणि मध्येच इंग्रजीत शिरत. चिडले की मात्र थेट वऱ्हाडीत उतरत, आणि तेव्हाच ते काय म्हणतात ते नीट कळे.

"पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे बघता?" त्यांनी विचारलं.

मी एम. ए. मराठी, बी. एड. "शिक्षक भरती निघाली तर शाळेत," मी खरं सांगितलं.

"आणि नाही निघाली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तिथं."

"परफेक्ट," सर म्हणाले. मग त्यांनी मला संगणकावर एक मजकूर टाइप करायला दिला. त्यात 'आशीर्वाद' हा शब्द होता. तो मी बरोबर लिहिला. तो बरोबर लिहिणारं माणूस त्यांना यवतमाळात अजून भेटलं नव्हतं म्हणे, कारण कंपनीतला डिझायनर इमानेइतबारे 'आर्शिवाद' लिहायचा. तेवढ्या एका रफारावर माझी नेमणूक झाली. पद होतं सीनियर कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट. ज्युनियर कुणी नव्हतं.

माझे बाबा दारव्हा डेपोत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना माझं पद पाठ होईना. पाहुण्यांनी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी कंपनीत आहे. मोबाइलवरची कामं करते." त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या दिवाळीत निम्म्या नातेवाइकांनी आपापले बिघडलेले मोबाइल माझ्यासमोर आणून ठेवले. "आवाज येत नाई याचा, पाय बरं." मी जाहिराती लिहिते असं सांगितलं, तर एक काका म्हणाले, "लिव्ह ना मग. पण आधी हे चार्जिंग काहून होत नाई ते पाय."

कंपनीत सर, मी आणि डिझायनर एवढीच माणसं. डिझायनर उमरखेडचा. आधी तो तिथल्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करायचा. त्याचा कलेविषयी एकच सिद्धान्त होता: चेहरा गोरा करायचा आणि मागं सूर्य उगवायचा. दंतवैद्याच्या जाहिरातीतही त्यानं दाढेमागं सूर्य उगवला होता. सर त्याला 'मिनिमल' हा शब्द समजावून थकले. "सर, रिकामी जागा सोडली तर गिऱ्हाईक म्हनते इथं पैसे वाचवले," तो म्हणायचा.

दर सोमवारी सकाळी मीटिंग असे. ती उभ्यानं घ्यायची, कारण मोठ्या कंपन्यांत तशीच घेतात. आमच्याकडं खुर्च्याही दोनच होत्या, त्यामुळं हा नियम आम्हाला पाळायला सोपा गेला. सर म्हणायचे, "आपण तिघं नाही आहोत, आपण फॅमिली आहोत." घरी कुणी उपदेश करायला लागलं की जसं आपण खिडकीबाहेर बघतो, तसे मी आणि डिझायनर खिडकीबाहेर बघायचो.

अशात आमच्याकडं गादीवाले शेठ आले. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीचा, हिशेबी पण हसरा माणूस. बापजाद्यांचं कापसाच्या गाद्यांचं दुकान होतं, ते मोडून त्यांनी फोमच्या गाद्यांची मोठी शोरूम टाकली होती. कापसाच्या जिल्ह्यात, जिथं प्रत्येकाच्या घरात लग्नातली एक तरी कापसाची गादी अजून शाबूत आहे, तिथं फोम विकायचा होता. शोरूममध्ये ए.सी. होता, काचेचं दार होतं, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

"मेमरी फोम है," शेठ म्हणाले. "मॅडम, याले मराठीत काय म्हनतात?"

"आठवण ठेवणारी गादी," मी म्हणाले.

शेठनी भुवया चढवल्या. "गादीनं कशाची आठवन ठेवाची, मॅडम? लोकं घाबरतीन ना."

सरांनी विषय हातात घेतला. त्यांनी पुण्याच्या पद्धतीनं मोहीम आखली. निळा पडदा, पांढरी गादी, तिच्यावर बोटांनी केस सावरणारी एक परदेशी बाई आणि खाली ओळ: 'झोप हा एक प्रवास आहे.' ओळ सरांनी इंग्रजीत सांगितली होती, मी मराठीत आणली. डिझायनरनं मागं सूर्य ठेवला. सरांनी तो काढायला लावला. तर त्यानं चंद्र ठेवला.

शेठनी जाहिरात पाहिली आणि म्हणाले, "प्रवासात झोप कोनाले लागते? मी यवतमाळहून नागपूरले जातो तर रस्ताभर मान अशी अशी होते."

"शेठ, हे ब्रँडिंग आहे," सर म्हणाले. "लगेच नाही, हळूहळू मनात उतरतं."

महिनाभर ते मनात उतरत राहिलं. सर रोज आकडे दाखवायचे. इतक्या लोकांनी पाहिलं, इतके लोक थांबले, इतक्यांनी अंगठा दाखवला. शेठ विचारायचे, "दुकानात कोन आलं?" एक फोन तेवढा आला होता. केळापूरकडच्या एका गृहस्थानं विचारलं होतं, "जुनी गादी पिंजून देता का?" शेठनी तो प्रसंग आम्हाला तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितला, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा चढलेला असे.

शेठ हातचे जाणार असं दिसायला लागलं, तेव्हा सर एकदा वैतागून मला म्हणाले, "तुम्हीच लिवा काई तरी. तुमच्या मनानं. मले काई सुचून नाई राह्यलं."

ते वऱ्हाडीत बोलले, म्हणजे मनापासून बोलले. मी त्या दुपारी खाली पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले आणि मोबाइलमध्ये आवाज टेप केला. माझी सख्खी मावशी बोरी अरबला राहते. तिची पीठगिरणी आहे. गिरणीच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय लागल्यामुळं ती घरातही बाजारात उभं राहिल्यासारखी बोलते. लहानपणी आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. तीच नक्कल मी केली:

"बाप्पा! साऱ्या जिंदगीत लोकायचं ओझं उचललं, मंग पाठ म्हने, आता मी नाई उठत. डॉक्टर म्हने आराम कर. आराम कराले जागा त पायजे! त या शेठच्या गादीवर पडली. आता पाठ म्हने, मावशे, उठू नको."

एवढंच. डिझायनरनं एका बाईचं चित्र काढलं. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकावर चष्मा. चेहरा गोरा केलाच, पण यावेळी सूर्य तिच्या चष्म्यात बसवला. खाली लिहिलं: बोरी अरबची मावशी.

दोन दिवसांत ती मावशी जिल्हाभर झाली. लोकांच्या स्टेटसला, भाऊबंदकीच्या ग्रूपवर, महिला बचत गटात, सगळीकडं. दारव्ह्याहून माझ्या आईनं मला ती जाहिरात पाठवली आणि विचारलं, "ही बाई कोन वं? तुझ्या मावशीसारखी बोलते." शेठच्या शोरूममध्ये माणसं यायला लागली. काही तर गादीवर बसून हसायची आणि उठून जायची, पण काही घेऊनही जायची. शेठ सरांना मिठाईचा पुडा देऊन गेले. सरांनी पुढच्या तीन मावश्या माझ्याकडून एका आठवड्यात लिहून घेतल्या आणि त्या कामाला 'कॅरेक्टर आयपी', म्हणजे कंपनीच्या मालकीचं पात्र, असं नाव दिलं. मी ते बाबांना सांगितलं नाही. उगाच पाहुण्यांमध्ये गोंधळ झाला असता.

मग शेठनी दारव्ह्याला दुसरं दुकान काढायचं ठरवलं. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. त्यांनी सरांना फोन केला आणि म्हणाले, "उद्घाटन मावशीच्या हातानं कराचं. फीत तिनंच कापाची. चार शब्द बोलाचे. लाइव्ह."

सर म्हणाले, "शुअर."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सर, मावशी नाही ना," मी म्हणाले. "म्हणजे आवाज माझा आहे."

"क्लायंटला नाही म्हणायचं नसतं," सर म्हणाले. "सोल्यूशन द्यायचं असतं."

सोल्यूशन शोधण्यात आमचे बरेच दिवस गेले. नागपूरहून एक अभिनेत्री आली. तिनं वऱ्हाडी बोली अशी काही लाडानं बोलून दाखवली की डिझायनर म्हणाला, "ताई, हे वऱ्हाडी नाई, हे मालिकेतली मोलकरीण आहे." मग सरांच्या ओळखीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. दिसायला हुबेहूब. हिरवं लुगडंही घरून नेसून आलेल्या. पण तोंड उघडलं की 'माझ्या पाठीस अत्यंत आराम लाभला' असंच बाहेर पडायचं. सर त्यांना म्हणाले, "बाई, थोडं चुकीचं बोला." त्यांना ते मरेपर्यंत जमलं नसतं. मला त्यांचं मनातून कौतुक वाटलं.

शेवटी मीच सरांना सांगितलं की जिची नक्कल केली ती बाई खरोखर आहे. सर खुर्चीतून उठले. "मग हे आधी काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही ऑडिशन म्हणालात. ती ऑडिशन देणारी बाई नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि सर बोरी अरबला गेलो. बाजाराचा दिवस होता. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी एक पानटपरी आहे. सरांनी सहज गंमत म्हणून टपरीवाल्याला विचारलं, "ती गादीच्या जाहिरातीतली मावशी इथलीच का हो?"

"इथलीच त," टपरीवाला म्हणाला. "त्या शाळेमागं राह्यते. माह्या भावाची साळीच लागते."

बाजूला तंबाखू मळत उभा असलेला माणूस म्हणाला, "शाळेमागं कायले? ते मारुतीच्या देवळाजवळची. मी लहानपनापासून ओळखतो तिले. पाठ दुखतच होती तिची पहिलेपासून."

दोघांचं तिथंच वाजलं. तिसऱ्यानं येऊन सांगितलं, ती बाई आता इथं नसते, मुलाकडं अमरावतीला असते, गादी मुलानंच घेऊन दिली. आम्ही निमूट पुढं निघालो. सर भारावले होते. "बघा, ही ब्रँडची ताकद," ते म्हणाले. पोत्यावर बसून मी जिला बनवलं, तिला एवढ्यात सासर, माहेर आणि अमरावतीचा मुलगाही मिळाला होता. मला थोडी भीतीच वाटली.

मावशी गिरणीत होती. केसांवर, भुवयांवर पीठ. तिनं पट्टा थांबवला, पदरानं तोंड पुसलं आणि सरांकडं बघून मला विचारलं, "जावई का?"

"सर आहेत माझे," मी घाईनं म्हणाले.

चहा झाला. मी मोबाइल काढून तिला जाहिरात ऐकवली. तिनं ती आधीच ऐकली होती. "हे त? हे बाई लय नाटकं करते," ती म्हणाली. "शाळेमागची आहे म्हने."

"मावशी, ती बाई तू आहेस. तुझी नक्कल करून मीच बोलले."

मावशीनं मोबाइल माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. तिचा चेहरा काही केल्या वाचता येईना.

"मी अशी बोलतो?" तिनं विचारलं.

"हो."

"मी एवढी गोड नाई बोलत." मग एकदम तिच्या डोक्यात काही तरी आलं. "आन् माही पाठ दुखते, हे तू साऱ्या जिल्ह्याले सांगितलं? म्हनूनच म्हनतो, परवा ते किराणावाली मले बाम देऊन काहून गेली!"

सरांनी मोठ्या अदबीनं उद्घाटनाचं सांगितलं. मावशी, तुम्ही फक्त या, गाडी पाठवतो, चार वाक्यं बोलायची, तीही आम्ही लिहून देतो. मावशीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गादी कुठं आहे?"

"कुठली?"

"जिच्यावर मी झोपली म्हनता ते. मी त पाह्यलीही नाई. न पाह्यलेल्या गादीवर चांगलं कसं बोलू? उद्या कोनी विचारलं तर?"

"मावशी, ही जाहिरात आहे," सर म्हणाले. "ज्यांच्या हातात तेलाची बाटली असते, ते काय ते तेल लावतात का?"

"ते त्यायचं त्यायले माहीत. मी गिरणीवाली आहो. माह्या दळनात खडा लागला तर लोकं रस्त्यात उभं करतात."

तीन दिवसांनी शेठचा टेम्पो आठवण ठेवणारी गादी घेऊन बोरी अरबला पोचला. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. एकीनं बोट दाबून बघितलं, खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला. "अव माय, पिठाच्या गोळ्यासारखं आहे," ती म्हणाली. मावशीनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि गादी पलंगावर अंथरली. त्यानंतर उद्घाटनाच्या दिवसापर्यंत गादी कशी आहे हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मी फोन केला की म्हणायची, "अजून पाहून राह्यलो."

अक्षय तृतीया म्हणजे आमच्याकडं उन्हाचा कहर. दारव्ह्याच्या नव्या दुकानासमोर मांडव होता, मांडवात दोन कुलर होते आणि ते दोन्ही शेठच्या पाहुण्यांकडं तोंड करून होते. गर्दी जमली होती ती मावशीला बघायला. टपरीवाल्याच्या भावाची साळी ती हीच का, हे बघायला बोरी अरबहूनही माणसं आली होती. मावशी स्वतःचं नेहमीचं निळं नऊवारी नेसून आली. हिरवं लुगडं सरांनी आणून ठेवलं होतं, त्याला तिनं हातही लावला नाही. सरांनी दिलेल्या कागदाची बारीक घडी करून तिनं बटव्यात ठेवली. मला वाटलं, पाठ केलं असेल.

डिझायनर मोबाइल स्टँडवर लावून लाइव्ह करत होता. शेठ भाषणात म्हणाले की मावशी त्यांना आईसारखी आहे. मग फीत कापली, टाळ्या झाल्या आणि माइक मावशीच्या हातात गेला.

मावशीनं माइक तोंडापासून लांब धरला. तिला त्याची गरजही नव्हती.

"गादी चांगली आहे," ती म्हणाली. शेठ हसले, सर हसले. "पाठीले बरं वाटते, खोटं काहून बोलू. पहिल्या दिवशी त मले उठूच वाटेना. पन मंग गरम व्हाले लागली. अशी गरम व्हाले लागली का मी परवापासून खाली चटईवर झोपून राह्यलो. हे थंडीची गादी आहे बाप्पा. उन्हायात घेऊ नका, भाजून निघसान. दिवाळी झाली का या, तवा घ्या. शेठ चांगला मानूस आहे, तो काई पळून जात नाई."

 मग कुणी तरी मागून हसलं आणि सगळा मांडव हसायला लागला. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "तवरक काय करावं मावशे?"

"घरी कापूस आहे ना? पिंजून घ्या."

सर डिझायनरला हातवारे करत होते, बंद कर, बंद कर. डिझायनर हसण्यानं असा काही वाकला होता की त्याला मोबाइल दिसतच नव्हता. मी शेठकडं बघितलं. ते तसेच हसत होते, पण ते हसणं चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं होतं. त्यांनी मावशीला स्वतःच्या हातानं सरबत दिलं. धंद्यातला माणूस. मला तेव्हा त्यांच्याविषयी खरंच आदर वाटला.

मावशीला गाडीत बसवताना मी म्हणाले, "मावशी, अगं आम्हाला तरी आधी सांगायचं."

"तुले सांगितलं असतं तर तू मले आनलं असतं का?" ती म्हणाली. मी गाडीचं दार लावायला गेले, ते तिनं धरून ठेवलं. "आन् तू मले विचारलं होतं का, माह्या तोंडून बोलाच्या पहिले?" मी दार लावलं आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

यवतमाळला परत येताना सर गाडीत वऱ्हाडीतच बोलत होते. "तिले काहून आनलं? कोनी सांगितलं होतं आनाले?" मी म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, ऑथेंटिक पाहिजे." ते म्हणाले, "एवढं नव्हतं पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. सर माफीची वाक्यं जुळवत होते. फोन स्पीकरवर होता म्हणून मी आणि डिझायनरनंही ऐकलं. शेठ म्हणत होते, "अरे, दोन्ही दुकानात मानसं येऊन राह्यली. म्हनतात, मावशीनं नावं ठेवलेली गादी दाखवा. खरं सांगनारं दुकान म्हनून राह्यले आपल्याले. मी वरून कापसाची पातळ गादी देऊन राह्यलो, खाली फोम, वर कापूस. चालून राह्यलं."

सरांनी एक श्वास घेतला. पुढच्या श्वासात ते पुन्हा पुण्यात होते. "शेठ," ते म्हणाले, "हीच तर आपली स्ट्रॅटेजी होती."

त्या आठवड्यात सरांनी स्लाइड तयार केल्या. विषय: प्रामाणिक जाहिरात. नागपूरला कुठल्याशा संमेलनात त्या दाखवूनही आले. मावशीचा फोटो पहिल्याच स्लाइडवर होता, आणि डिझायनरनं तिच्या डोक्यामागं अखेर सूर्य उगवून घेतला होता. परत आल्यावर सरांनी जाहीर केलं की आता सगळ्या गिऱ्हाइकांना हेच पॅकेज द्यायचं. आपला दोष आपणच सांगायचा. लोक विश्वास ठेवतात.

मी लिहून दिलं. नोकरी होती. दंतवैद्यांसाठी लिहिलं, 'दुखेल, पण थोडं.' त्यांनी 'पण थोडं' ठेवून बाकीचं काढायला सांगितलं. मंगल कार्यालयासाठी लिहिलं, 'गाड्या लावायला जागा नाही, पण जेवण चांगलं.' मालकांनी विचारलं, "तुम्ही आमच्या बाजूनं आहात का समोरच्या लॉनच्या?" शिकवणी वर्गाच्या संचालकांना सर स्वतः भेटले आणि म्हणाले, "आपण सांगू या की सगळेच पास होत नाहीत." संचालकांनी त्यांना पाणीही विचारलं नाही. प्रामाणिकपणा गाद्यांनाच मानवतो, बाकीच्या धंद्यांना तो बाधतो असं दिसलं. पावसाळा संपेपर्यंत आमची गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या कंपनीकडं गेली, जी फक्त 'विदर्भात नंबर एक' एवढंच लिहायची.

शेठ मात्र गेले ते वेगळ्याच कारणानं. एक दिवस मी मावशीकडं गेले, तर गिरणीच्या पुढं नवा पत्र्याचा मांडव. दळणाला आलेल्या बायका सावलीत बसलेल्या. आणि गिरणीच्या अख्ख्या भिंतीवर रंगाऱ्यानं ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं: 'गादी घ्यायची तर हिवाळ्यात. मावशी.' खाली शेठच्या दुकानाचं नाव.

"शेठ आला होता," मावशी म्हणाली. "म्हने, मावशी, कंपनीले मधात कायले ठेवाचं? तूच बोल. मी म्हनलं, बोलतो, पन पत्रा टाकून दे. बाया उन्हात उभ्या राह्यतात."

"आणि मी? तुझे शब्द मी लिहायचे ना?"

"तू लिव्ह नं. पन मले दाखवून लिवत जाय. तुह्या मावशीच्या बोलन्यात लय साखर आहे." तिनं डबा उचलला आणि पट्टा सुरू केला. पुढचं तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. तिला माझं ऐकू येत असावं, कारण ती मान हलवून नाही म्हणत होती.

एका डिजिटल कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका रंगवलेल्या भिंतीनं नेलं, ही गोष्ट सरांना मी सांगितली नाही. ते त्या रस्त्यानं गेले तेव्हा त्यांनीच वाचलं असेल.

दिवाळीनंतर सरांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. जुन्याच कंपनीत, जुन्याच पदाच्या थोडं खाली. शेवटच्या दिवशी आम्ही तिघं त्या दोन खुर्च्यांवर आणि एका टेबलावर बसलो. डिझायनरनं बाजूच्या गाळ्यात स्वतःचं फ्लेक्सचं दुकान टाकायचं ठरवलं होतं. सरांनी त्याला आपला मोठा संगणक देऊन टाकला. मग मला म्हणाले, "एक शेवटचं काम. मी निघतोय अशी पोस्ट लिहून द्या."

मी लिहिलं: 'यवतमाळात कंपनी काढली होती. चालली नाही. दोन चांगल्या माणसांबरोबर काम केलं, एका मावशीनं शहाणपण शिकवलं. आता नोकरीसाठी पुण्याला जातो आहे.'

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हसले. "हे चांगलंय," ते म्हणाले, आणि उठून खिडकीशी गेले. खाली रब्बीच्या बियाण्याची पोती उतरत होती. "पण हे तिथल्या लोकांना नाही कळायचं."

मग त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलं. एका नव्या, रोमांचक प्रवासाला निघाल्याचं. संध्याकाळपर्यंत त्याखाली अभिनंदनाची रांग लागली. डिझायनरनं लिहिलं होतं, 'सर, तुमचे आर्शिवाद असू द्या.' त्याच्याखाली माझ्या बाबांचाही अंगठा होता. मी फोन करून विचारलं, "बाबा, काय कळलं तुम्हाला त्यात?"

"काई नाई," बाबा म्हणाले. "पन बढती झालेली दिसते मानसाची."